दुसऱ्यांदा घातलेले लॉन: वाघोलीजवळील एका अंगणाचे प्रकरण

पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे केसनंदच्या बाजूस असलेल्या एका बंगल्याच्या मागील अंगणात घातलेले तयार लॉन पहिल्याच पावसाळ्यात वाया गेले. अंगण ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद. घराचे बांधकाम पूर्ण होताच कंत्राटदाराने या संपूर्ण १२०० चौरस फुटांवर लाल मातीचा पातळ थर पसरला आणि त्यावर लॉनचे कार्पेट अंथरून दिले. सुरुवातीला ते हिरवेगार दिसत होते. जुलैच्या झडीत मधोमध पाणी साचू लागले, गवत पिवळे पडून बुडाशी कुजले, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात उरलेल्या तुकड्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. कोपरा धरून ओढला की अख्खा तुकडा सतरंजीसारखा हातात येत असे.

घरमालकीणबाईंनी विचारलेला प्रश्न असा होता की, आता कोणत्या जातीचे गवत घालावे. त्यांना एका माळ्याने जात बदलण्याचा, दुसऱ्याने युरिया वाढवण्याचा आणि तिसऱ्याने जमिनीत वाळू मिसळण्याचा सल्ला दिला होता. या तिन्ही माळ्यांपैकी एकानेही जमीन खणून पाहिलेली नव्हती. काळ्या मातीच्या पट्ट्यात घरोघरी हाच क्रम घडताना दिसतो, वरचे गवत दोनदा-तीनदा विकत घेतले जाते आणि खालची जमीन मात्र तशीच राहते. म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

खड्ड्यांनी काय दाखवले

गवताची निवड बाजूला ठेवून अंगणात चार ठिकाणी दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले. खड्ड्याची एक बाजू खुरप्याने तासून सरळ केली की थर स्पष्ट दिसतात. सर्वांत वर एक इंचाचा चिकट काळ्या मातीचा थर होता. ही रोपवाटिकेतून गवताबरोबर आलेली माती. त्याखाली दोन इंच लाल माती. त्याखाली सरासरी आठ इंच राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, घट्ट झालेले सिमेंटचे गोळे, फरशीच्या कपच्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. या सगळ्याच्या तळाशी मूळची काळी जमीन होती, पण जेसीबी आणि काँक्रीटच्या गाड्यांनी ती इतकी दाबली होती की टिकावाचा घाव उसळून परत येत होता.

खरा पुरावा मुळांनी दिला. गवताची सगळी मुळे वरच्या एक इंचात गुंतलेली होती आणि लाल मातीच्या सीमेवर येऊन तिथेच आडवी वळली होती. त्याचे कारण पाण्याच्या वागण्यात आहे. चिकणमातीची छिद्रे अतिशय बारीक असतात आणि त्यांत पाणी घट्ट धरून ठेवले जाते. त्याखाली भरड कणांचा थर आला की वरचा थर पूर्ण संपृक्त होईपर्यंत पाणी खाली उतरत नाही. म्हणजे पावसाळ्यात गवताची माती सतत चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उन्हाळ्यात उलट घडते: खालच्या भरड थरातून ओल वर चढत नाही, त्यामुळे वरचा इंचभर थर काही तासांत सुकतो. एकाच दोषातून पावसाळ्यातली सड आणि ऑक्टोबरमधली करपही निर्माण झाली होती, आणि यातले काहीही गवताच्या जातीशी संबंधित नव्हते.

निचऱ्याची चाचणी घेताना एक काळजी घ्यावी लागली. काळी माती कोरडी झाली की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगा पहिले पाणी भराभर पितात. त्यावरून निचरा उत्तम असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. ही माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि तिचे खरे स्वरूप कळते. म्हणून एक फूट खोल खड्डा आधी पूर्ण भरून मुरू दिला, पुन्हा भरला, आणि दुसऱ्या वेळी पट्टीने पातळी मोजली. तासाभरात पाणी जेमतेम पाव इंच उतरले. लॉनसाठी ताशी किमान अर्धा इंच निचरा हवा आणि एक इंच असेल तर उत्तम, हे लक्षात घेता तळातील जमीन हाताळल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

माती परीक्षणासाठी वेगवेगळ्या जागी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, त्यांच्या बाजूची सहा इंचांपर्यंतची माती एकत्र करून, चार भाग पाडत पाडत अर्धा किलोचा नमुना तयार केला आणि तो प्रयोगशाळेत दिला. सामू (पीएच) ८.४ आला. मुक्त चुन्याचे प्रमाण जास्त होते, सोडियमचे प्रमाण मात्र मर्यादेत होते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण कडक काळी माती दिसली की जिप्समची पोती टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीचे औषध आहे. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते. ज्या जमिनीत सोडियमची समस्याच नाही आणि कॅल्शियम आधीच भरपूर आहे, तिथे त्याचा उपयोग होत नाही. वाळूचा सल्लाही नाकारला. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि मिश्रण आधीपेक्षा कठीण होते. फरक पडायचा तर वाळू निम्म्याहून अधिक लागते. वाघोली परिसरात दगडखाणी असल्याने क्रश सँड सहज मिळते, पण तिचे कण टोकदार असतात आणि तिच्यातील भुकटी दाबून बसते, त्यामुळे ती या कामाला आणखीच अयोग्य.

क्षेत्र कमी करण्याचा निर्णय

जमिनीच्या कामाआधी लॉनचे क्षेत्र ठरवणे आवश्यक होते, आणि इथे मी आग्रह धरला. या भागात उन्हाळ्यात पाण्याची भिस्त बोअर आणि टँकरवर असते. भर उन्हाळ्यात लॉनला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १२०० चौरस फूट म्हणजे जवळजवळ १११ चौरस मीटरला रोज ५५० लिटरहून अधिक पाणी द्यावे लागेल. एवढे पाणी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आणणे या कुटुंबाला शक्य नव्हते आणि माझ्या मते ते योग्यही नव्हते. क्षेत्र ३५ फूट बाय २० फूट, म्हणजे ७०० चौरस फूट केले, आणि रोजची गरज सव्वातीनशे लिटरवर आली.

उरलेल्या जागेतील तीन फुटांचा पट्टा घराच्या जोत्यालगत सोडला. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. जोत्याला खेटून रोज पाणी दिले तर पायाच्या एका बाजूची माती कायम फुगलेली राहते आणि भिंतींना तडे जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून हा पट्टा शहाबादी फरशीने झाकून त्याला घरापासून बाहेरच्या दिशेने उतार दिला. मागील भिंतीलगतच्या आंब्याखालचा सात फुटांचा पट्टाही लॉनमधून वगळला. तिथे दिवसातून तीन तासही ऊन पडत नव्हते आणि हरळीवर्गीय गवताला किमान सहा तास थेट ऊन हवे असते. शिवाय आंब्याच्या मुळांवर सहा इंच मातीचा भराव घालणे झाडाला घातक ठरले असते. त्या पट्ट्यात क्लोरोफायटम ही सावलीत वाढणारी शोभेची वनस्पती लावली.

राडारोडा काढणे आणि वाफशाची वाट पाहणे

एप्रिलमध्ये काम सुरू झाले. जुने लॉन, लाल माती आणि राडारोडा मिळून सुमारे ११ इंचांचा थर उचलला. जुने लॉन फरशीपेक्षा दोन-तीन इंच वर आलेले असल्याने पावसाचे गढूळ पाणी ओट्यावर येत असे, तीही तक्रार यामुळे मिटणार होती. राडारोडा काढताना सिमेंटचे गोळे हाताने वेचून घेतले, कारण त्यातला चुना आधीच विम्ल (अल्कधर्मी) असलेल्या मातीचा सामू आणखी वाढवतो आणि गवताला लोह मिळेनासे होते.

उघडी पडलेली काळी जमीन आठ इंच खोल फोडायची होती. पॉवर टिलर वापरण्याचा पर्याय होता, पण अंगणात लव्हाळा होता. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी एकमेकींना धाग्यांसारख्या खोडांनी जोडलेल्या असतात. टिलरच्या पात्यांनी ही साखळी तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते आणि तण कित्येक पटींनी वाढते. ग्लायफोसेट फवारणे घरगुती वापरात आता शक्य नाही, कारण ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद पसरून उन्हाने जमीन तापवण्याचा उपाय इतर तणांच्या बियांवर चांगला चालतो, पण लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी त्यातून वाचतात आणि त्याचे टोकदार कोंब कागदही भेदतात. त्यामुळे कुदळीने खणणे आणि गाठी हाताने वेचणे एवढाच मार्ग उरला. तो वेळखाऊ होता, परंतु या कामातील सर्वाधिक मोलाची मजुरी त्यावरच खर्च झाली असे मी मानतो.

कोरडी काळी जमीन खणली तर ढेकळे दगडासारखी निघतात आणि ओली खणली तर तिचा चिखल होऊन सुकल्यावर वीट बनते. यामधली अवस्था म्हणजे वाफसा, आणि काळ्या मातीत तो फार थोडा काळ टिकतो. ओलवणी करून जमीन भिजवल्यावर दुसऱ्याच दिवशी घरमालकीणबाईंनी काम सुरू करण्याविषयी विचारले, तेव्हा मजुरांच्या मुकादमाने टाचेने जमीन दाबून पाहिली आणि सांगितले, "ताई, अजून वाफसा नाही. आज कुदळ घातली तर पावसाळाभर रडावं लागेल." त्याने मूठभर माती घेऊन तिचा गोळा केला आणि अंगठ्याने दाबला, गोळा न फुटता चपटा झाला आणि अंगठ्याला चिकटला. दोन दिवसांनी तशाच गोळ्याला बोट लावताच तो रवाळ होऊन फुटला, तेव्हा खणणी सुरू झाली. यंत्राने मोजण्याची गरज नसलेली ही परीक्षा ज्याला येते, त्याच्या हाती अंगण द्यावे.

खणलेल्या जमिनीत ढेकळे फोडून झाल्यावर थर जोडण्याचे काम हाती घेतले, आणि या प्रकरणाचा कणा तोच आहे. चार भाग लाल माती आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट असे मिश्रण तयार केले. सहा इंचांच्या थरासाठी ७०० चौरस फुटांना ३५० घनफूट, म्हणजे साडेतीन ब्रास माल लागतो. पण भुसभुशीत माल पाण्याने बसतो, म्हणून सव्वाचार ब्रास मागवला. तो एकदम पसरला असता तर पहिल्या लॉनमधली चूकच अधिक जाड थराने पुन्हा झाली असती. त्याऐवजी आधी फक्त दोन इंच मिश्रण पसरून ते खालच्या काळ्या मातीत कुदळीने उलटसुलट मिसळले, जेणेकरून दोन मातींमध्ये धारदार सीमा न राहता हळूहळू बदलत जाणारा पट्टा तयार झाला. त्यावर उरलेले चार इंच चढवले. लालसर तपकिरी रंग खाली जाताना काळपट होत जातो आणि कुठेही रेघ दिसत नाही, हे बाजू तासून तपासल्यावरच पुढचे काम केले.

शेणखत मुद्दाम टाळले. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणांचे बी येते, आणि वळवाच्या पावसानंतर बाहेर पडणारे हुमणीचे भुंगेरे अशा खतमिश्रित मातीत अंडी घालतात. पुढे त्यांच्या अळ्या गवताची मुळे कुरतडतात. कंपोस्टबरोबर निंबोळी पेंड आणि सुमारे तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या थरात मिसळले.

निचऱ्यासाठी लॉनच्या खालच्या कडेने ३५ फूट लांब आणि दीड फूट खोल चर खणला. त्यात जिओटेक्स्टाईल कापड, खडी आणि चार इंची सच्छिद्र पीव्हीसी पाइप घातला आणि पाइपचे तोंड कोपऱ्यातील शोषखड्ड्यात सोडले. काळ्या मातीतला शोषखड्डा पाणी मुरवत नाही. म्हणून तो मुरूम लागेपर्यंत, सुमारे सहा फूट खोल नेला. उतार घरापासून चराच्या दिशेने दर दहा फुटांना दीड इंच, म्हणजे २० फुटांत तीन इंच ठेवला. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन, खुंट्या मारून आणि सुतळी ताणून तो तपासला. मातीचा अंतिम पृष्ठभाग फरशीपेक्षा एक इंच खाली ठेवला, कारण तेवढीच जाडी कार्पेटची असते.

अंथरणी

मे महिन्यात या तयार जमिनीला दोनदा भरपूर पाणी देऊन ती बसू दिली. खळगे पडले तिथे भर घातली. या पाण्याने उगवलेली तणे, विशेषतः घोळ आणि उरलेल्या लव्हाळ्याचे कोंब, खुरप्याने गाठीसकट काढले. लॉन घालण्याआधी तणांना एकदा उगवू देणे, हा फुकट मिळणारा लाभ आहे आणि घाईत तोच सोडला जातो.

गवतासाठी सिलेक्शन नंबर वन ही हरळीवर्गीय जात निवडली. झॉयशिया गटातील मेक्सिकन किंवा कोरियन लॉन अधिक दाट आणि मऊ असते, पण ते फार सावकाश पसरते आणि मुलांच्या खेळण्याने पडलेले ठिगळ भरायला त्याला महिनोन्‌महिने लागतात. कार्पेट सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकेतून आणायचे होते. तिथे गवताच्या रंगापेक्षा त्याच्या बुडाची माती पाहिली, आणि लाल मातीत वाढवलेलेच कार्पेट मागितले, म्हणजे अंथरलेली माती आणि खालची माती एकाच जातीची राहील. नमुन्याचा तुकडा उलटा करून मुळे पांढरी आहेत का, मातीची जाडी सारखी आहे का आणि लव्हाळ्याचे त्रिकोणी देठ कुठे दिसतात का, हे तपासले.

पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. पहिल्या सरींनंतर उघडीप मिळाली तेव्हा अंथरणी केली. दोन फूट बाय एक फूट मापाचे सुमारे ३७० तुकडे पहाटे कापून सकाळी आणले गेले. गाडीतील थप्पीच्या आत हात घालून पाहिला, कारण रचून ठेवलेले गवत आतल्या आत तापते. आंबूस वास येऊ लागला असेल तर तो माल परत करावा. फरशीच्या सरळ कडेपासून सुरुवात करून वीटकामातल्याप्रमाणे सांधेमोड करत तुकडे एकमेकांना भिडवून बसवले, न ताणता आणि एकावर एक न चढवता. मजूर मातीवर उभे न राहता फळीवर बसून काम करत होते. सांध्यांत चाळलेली माती भरली, हलका रोलर फिरवला, आणि शेवटचा तुकडा बसण्याची वाट न पाहता मागच्या भागाला पाणी सुरू केले. एका कोपऱ्याचा तुकडा उचलून खाली चार इंचांपर्यंत ओल पोहोचल्याची खात्री केली.

पावसाळ्यातील आणि नंतरची निरीक्षणे

पहिले दहा दिवस पाऊस नसेल त्या दिवशी दोन-तीन वेळा हलके पाणी दिले. त्यानंतर अंतर वाढवत नेले आणि मात्रा वाढवली. संध्याकाळचे पाणी पूर्णपणे बंद ठेवले, कारण रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला बळी पडतात. तिसऱ्या आठवड्यात तुकडे ओढून पाहिले तेव्हा ते जागचे हलले नाहीत. गवत अडीच इंचांवर गेल्यावर पहिली कापणी केली आणि वरचा फक्त एकतृतीयांश भाग काढला. युरिया महिनाभर दिला नाही. नंतर संपूर्ण ७०० चौरस फुटांना सुमारे ६०० ग्रॅम देऊन लगेच पाणी दिले.

जुलैच्या झडीत चराच्या पाइपमधून शोषखड्ड्यात पाणी पडत होते आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात लॉनवर चालता येत होते. सप्टेंबरअखेर एका जागी मातीचा उभा तुकडा काढून पाहिला असता मुळे पाच इंचांवर, म्हणजे मिसळलेल्या पट्ट्यात उतरलेली आढळली. तिथे ती आडवी वळलेली नव्हती.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. ऑक्टोबरमध्ये बोअरचे जड पाणी सुरू झाल्यावर नव्या पात्यांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होते. लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात फेरस सल्फेटची सकाळी फवारणी केल्यावर रंग परतला. मात्र ही फवारणी करताना शहाबादी फरशी आधी झाकावी लागते, नाहीतर तिच्यावर गंजाचे कायमचे डाग पडतात. पाण्याचा स्रोत बदलत नाही तोवर ही फवारणी अधूनमधून करावीच लागेल. चराच्या बाजूला लव्हाळाही तुरळक परतला आहे आणि त्याचे कोंब दर आठवड्याला गाठीसह उकरले जातात. पान कापून त्याचा काही बंदोबस्त होत नाही.

फेब्रुवारीत काट्याने जमिनीला भोके पाडून त्यांत चाळलेली लाल माती आणि कंपोस्ट यांचे पातळ मिश्रण भरायचे ठरले आहे. एप्रिल-मेमध्ये टँकर मिळेनासा झाला तर रोज थोडे पाणी शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदा सहा इंच खोल भिजेल इतके पाणी द्यावे आणि कापणी थांबवावी, अशी सूचना लिहून दिली आहे. त्या दिवसांत गवत तांबूस होईल, पण हरळीची जमिनीतील खोडे जिवंत राहतात आणि वळवाच्या पावसानंतर पुन्हा फुटतात.